वैद्य ली शीझन

चीनमधील पारंपरिक वैद्यकाचे थोर अभ्यासक ली शीझन यांचा जन्म इ. स. १५१८ मध्ये, आजच्या हुबेई प्रांतातील छीझोउ येथे, वैद्यांच्या घराण्यात झाला. त्या काळी वैद्यांना समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती. म्हणून मुलाने राज्याचा अधिकारी व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु प्रांतिक परीक्षेत तीनदा अपयश आल्यावर ली वडिलांकडेच वैद्यक शिकले.

पुढे राजघराण्यातील एक बालक त्यांच्याकडे उपचारासाठी आले. दिव्याच्या वातीची काजळी खाण्याची त्याला विलक्षण ओढ होती. नुसता वास आला तरी ते रडून हट्ट धरी. ली यांनी जंतनाशक औषधाच्या गोळ्या दिल्या आणि बालक बरे झाले.

शरीरातील दमटपणा व उष्णता आणि अयोग्य आहार यांमुळे पोटात जंत होतात, असे चिनी वैद्यक मानी. जंतांच्या सूक्ष्म अंड्यांचे ज्ञान तेव्हा नव्हते. उपचार मात्र दीर्घ अनुभवातून आलेले होते. पट्टकृमींवर सुपारी देत, तर गोल जंतांवर आपल्या अंगणात फुलणाऱ्या मधुमालतीचे बी देत. बहुतेक जंतनाशके कडू असतात, हे बी मात्र गोड असल्याने मुलांना सोयीचे, अशी नोंद ली यांनी केली. सर्व जंत पाडल्यास अन्न पचत नाही, असे काही वैद्य सांगत. झाडाची कीड किंवा घराची वाळवी जशी हितकारक नसते, तसेच जंतही, असे दाखवून ली यांनी ही समजूत खोडून काढली.

जुन्या ग्रंथांतील असे अनेक दोष दूर करण्यासाठी त्यांनी १५५२ मध्ये 'बेनत्साओ गांगमू' हा ग्रंथ लिहावयास घेतला. रानावनांत हिंडून, शेतकरी व कोळी यांना विचारून त्यांनी माहिती पडताळली. हस्तलिखित तीनदा सुधारून १५७८ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. त्यात १८९२ औषधी द्रव्यांचे वर्णन असून त्यांपैकी ३७४ द्रव्यांची भर त्यांनी स्वतः घातली.

एवढा मोठा ग्रंथ छापण्यास प्रकाशक सहजासहजी मिळेना. १५९३ मध्ये ली यांचे निधन झाले. १५९६ मध्ये नानजिंग येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांना पाहता आला नाही. २०११ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

त्यातील सर्वच मते आज ग्राह्य नाहीत. मधुमालतीचे बी अधिक खाल्ल्यास उचक्या व उलट्या होतात. म्हणून जंतांवर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध घ्यावे. मात्र ऐकीव गोष्ट पारखून घेण्याची ली यांची वृत्ती आजही अनुकरणीय आहे.