मेलबर्नचे तीन गोल : नेव्हिल डिसोझा यांची जीवनकथा

बालेवाडीच्या मैदानावर २०१४ साली एफसी पुणे सिटी हा संघ खेळू लागला, तेव्हा फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे पुणेकरांसाठी गोल करायला आला. विश्वचषक जिंकलेला खेळाडू आपल्या गावच्या संघातून खेळतो याचे आपल्या तरुणांना केवढे अप्रूप! (तो संघ २०१९ मध्ये बंदही पडला.) पण आपल्याच समाजातल्या एका सेंटर फॉरवर्डने त्याच्या कितीतरी आधी परदेशात जाऊन जगाला तोंडात बोट घालायला लावले होते. ते नाव मात्र आज आपल्या मुलांना ठाऊक नाही.

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म १९३२ साली बार्देश तालुक्यातील आसगावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. अनेक गोवेकर कुटुंबांप्रमाणे नेव्हिल यांचेही नशीब मुंबईत घडले. फुटबॉल हा त्या काळी आपल्याकडे पोट भरण्याचा धंदा नव्हता. चांगल्या खेळाडूला एखादी कंपनी नोकरी देई आणि तो कंपनीच्या संघातून खेळे. नेव्हिल आधी टाटांकडून व पुढे कॅल्टेक्सकडून खेळले. कूपरेजच्या मैदानावर त्यांचे नाव झाले. १९५४ मध्ये मुंबईने प्रथमच संतोष करंडक जिंकला, त्या संघात ते होते.

मग आले १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला आपला संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यामुळे मेलबर्नला आपल्याकडून कोणी काही अपेक्षा धरली नव्हती. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. पहिली गाठ हंगेरीशी पडायची होती. परंतु त्याच सुमारास हंगेरीत रशियन रणगाडे शिरले आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारत थेट उपान्त्यपूर्व फेरीत, आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया!

तारीख होती १ डिसेंबर. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा दुसरा गोल, मॉरोची पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिल यांनी तिसऱ्यांदा चेंडू जाळ्यात मारला आणि या वेळी ऑस्ट्रेलियाला उत्तर देता आले नाही. शेवटी किट्टूने चौथा गोल करून सामना ४-२ असा संपवला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि उपान्त्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. यजमानांना हा पराभव पचला नाही. स्पर्धा संपल्यावर त्यांनी सिडनीला आणखी एक सामना ठेवला, तोही आपण ७-१ ने जिंकला!

उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. बावन्नाव्या मिनिटाला भारताला आघाडी मिळाली, आणि गोल अर्थात नेव्हिल यांचाच. ती आघाडी दोनच मिनिटे टिकली आणि सामना ४-१ असा हातचा गेला. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाने ३-० ने हरवले. पदक हुकले. तरी चौथ्या क्रमांकापलीकडे भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये कधीच गेला नाही.

नेव्हिल यांचे एकूण चार गोल झाले. तेवढेच गोल युगोस्लाव्हियाच्या तोडोर वेसेलिनोविच यांचे आणि बल्गेरियाच्या दिमितार मिलानोव यांचे. तिघेही स्पर्धेतले सर्वोच्च. यांतले वेसेलिनोविच पुढे इटलीत सांपदोरियाकडून आणि ऑस्ट्रियातल्या संघांकडून पेशेवर फुटबॉल खेळले, मग कोलंबियाचे आणि आपल्या देशाचेही प्रशिक्षक झाले. पायातली कला त्यांना जन्मभर पुरली. नेव्हिल मात्र मुंबईला परतले. कूपरेज, कंपनीचा संघ, नोकरी. युरोपातल्या क्लबात खेळायची वाट आपल्याकडच्या खेळाडूंना जवळजवळ नव्हतीच. १९३६ साली कोलकात्याचे महंमद सलीम ग्लासगोच्या सेल्टिककडून अनवाणी दोन सामने खेळले, पण घरची ओढ लागून परत आले. त्यांच्यामागून त्या काळी फारसे कोणी गेले नाही. नेव्हिल यांच्यात काय कमी होते? मला तरी काही दिसत नाही. गोल सारखेच होते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ज्या दिवशी त्यांनी भारताचा पोशाख घालून तीन गोल केले, त्या दिवशी त्यांच्या आसगाववर पोर्तुगालचा झेंडा होता. गोवा मुक्त झाला तो १९६१ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलमधला पहिला मिळाला मेलबर्नच्याच संघातले पी. के. बॅनर्जी यांना, तोही योग्यच. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत त्या वर्षीही आले नाही आणि नंतरही नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीच्या संघातही ते नव्हते. भारतीय फुटबॉल संघाचे ते शेवटचे ऑलिंपिक.

त्यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले. डिसोझांच्या एका घरातले दोन भाऊ देशासाठी! नेव्हिल मार्च १९८० मध्ये वारले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. वेसेलिनोविच २०१७ पर्यंत जगले.