प्लेगाची लस शोधणारे हाफकीनसाहेब

सन २०२१ सालीं करोनाची लस घेण्यासाठीं महाड-पोलादपुरांतील वडील माणसें रांगेंत उभीं राहिलीं होतीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस आठवत असेल. त्या वेळीं पुष्कळांच्या मनांत लशीविषयीं शंका होत्या. शंका येणें हा दोष नव्हे. परंतु तिचा निकाल पुराव्यानें लावावा लागतो. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रावरून उत्तम कळते, त्या हाफकीनसाहेबांची ओळख आम्ही आज वाचकांस करून देतों.

वाल्देमार हाफकीन यांचा जन्म सन १८६० त, हल्लींच्या युक्रेन देशांत, एका यहूदी कुटुंबांत झाला. ओडेसा येथें मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांनीं जीवशास्त्राचें अध्ययन केलें. यहूदी माणसास रशियाच्या राज्यांत प्राध्यापकपद मिळणें दुरापास्त होतें. ख्रिस्ती झाल्यास अडचण उरली नसती. परंतु केवळ पदासाठीं धर्म टाकणें त्यांस रुचलें नाहीं. आम्ही स्वतः ख्रिस्ती असूनही त्यांचा हा बाणा आम्हांस वंद्य वाटतो. पुढें पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत प्रथम ग्रंथालयाचें काम पत्करून त्यांनीं फावल्या वेळीं जंतूंचा अभ्यास केला. सन १८९२ त पटकीची लस सिद्ध करून ती पहिल्यानें स्वतःस टोंचून घेतली व पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

सन १८९६ त मुंबईंत प्लेग उद्भवला. लोक शहर सोडून पळूं लागले. गिरणीकामास गेलेलीं कोंकणांतील माणसें गांवाकडे परतलीं. सरकारनें हाफकीनसाहेबांस पाचारण केलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक खोली व एक व्हरांडा एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. तेथें त्यांनीं मांसरसाच्या चंबूंत जंतु वाढविले. रसावर थोडें तूप तरंगत ठेविलें असतां जंतु त्यास धरून खालीं लोंबणाऱ्या तंतूंप्रमाणें वाढतात, हें त्यांनीं हेरलें. मग रस तापवून जंतु मारीत व त्यांत कार्बोलिक घालीत. १० जानेवारी १८९७ रोजीं ही लसही त्यांनीं आधीं स्वतःस टोंचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. सन १८९९ त प्रयोगशाळा परळच्या जुन्या लाटसाहेबांच्या वाड्यांत गेली.

इतक्यांत संकट ओढवलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. त्या सर्वांस एकाच बाटलींतील लस दिली होती! चौकशी होऊन परळच्या प्रयोगशाळेवर ठपका आला व साहेब पदावरून दूर झाले.

आतां प्रश्न असा कीं, धनुर्वाताचे जंतु बाटलींत पूर्वींच होते, कीं ती उघडतांना शिरले? विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून स्वतः विचार करावा. हे जंतु बंद बाटलींत बरेच दिवस वाढले असते, तर लशीस दुर्गंधि सुटली असती. परंतु बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनीं ती हुंगली, तेव्हां वास आला नव्हता. विष आधींच सांचलें असतें, तर रोग फार लवकर प्रकटला असता. तो तर कित्येक दिवसांनीं प्रकटला. शिवाय बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतींत न धरतां नुसता कार्बोलिकांत बुडवून वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात व अशा ओझरत्या बुडविण्यानें ते मरत नाहींत.

पुरावा असा बोलका असूनही न्याय मिळण्यास चार-पांच वर्षें लागलीं. सन १९०७ त रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं विलायतेंतील टाइम्स पत्रांत त्यांची बाजू मांडली, तेव्हां सरकारनें ठपका दूर केला. साहेब कलकत्त्यास पुनः कामावर आले; परळची जागा मात्र त्यांस परत लाभली नाहीं. सन १९२५ त त्या संस्थेस त्यांचें नांव दिलें गेलें. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें ते निवर्तले.

मुलांनो, जुलै २०२१ च्या महापुरांत सावित्रीचा चिखल आपल्या घरांत शिरला होता. चिखलांत पाय कापला म्हणजे डॉक्टर धनुर्वाताची सुई कां टोंचतात, हें आतां तुम्हांस उमगेल. महाडच्या औषधांच्या कारखान्यांत तुमच्यांपैकीं कोणी उद्यां कामास लागेल. तेथें खालीं पडलेला चिमटा पुनः ज्योतींत धरण्याचा आळस करूं नका. त्या एका क्षणाच्या आळसांत एकोणीस घरांचा आकांत होता. आणि पुरावा तपासल्यावांचून कोणावर दोष ठेवूं नका. खोट्या साक्षीविषयींची आज्ञा यहूद्यांस व आम्हांस एकच आहे. ती प्रयोगशाळेंतही तितकीच लागू आहे.