विश्लेषण : प्रकाशमापक सापडलाच नाही, तरी चंद्र टिपला! ॲन्सेल ॲडम्स यांचे एक्स्पोजरचे गणित मोबाइल कॅमेऱ्यातही कसे उपयोगी पडते?

कोजागरीच्या रात्री गच्चीवरून मोबाइलने चंद्राचा फोटो काढणाऱ्या बहुतेकांना एकच अनुभव येतो. डोळ्यांना डागांसह स्पष्ट दिसणारा चंद्र पडद्यावर नुसता पांढरा ठिपका होऊन बसतो. कॅमेरा काळे आकाश मोजतो, ते उजळ करायला जातो आणि त्या भरात चंद्र ‘जळून’ जातो. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्यासमोर १९४१ साली असाच पेच उभा राहिला होता. एकीकडे लखलखता चंद्र, दुसरीकडे अंधारत चाललेली जमीन, उजेड टिकणार काही क्षण आणि प्रकाशमापक गाडीत कुठे आहे त्याचा पत्ता नाही. तरीही त्यांनी जे छायाचित्र घेतले ते विसाव्या शतकातील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या छायाचित्रांपैकी एक ठरले.

ॲन्सेल ॲडम्स कोण होते?

ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. चार वर्षांचे असताना, १९०६च्या भूकंपानंतरच्या एका धक्क्याने ते बागेच्या भिंतीवर आदळले आणि नाक मोडले. ते जन्मभर वाकडेच राहिले. घराण्याचा इमारती लाकडाचा व्यवसाय पुढच्या काही वर्षांत बुडाला. मुलगा कमालीचा चुळबुळ्या, वर्गात बसवत नसे. अखेर बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतले. १९१५ मध्ये शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा त्याला वर्षभराचा पास काढून दिला आणि तीच त्याची शाळा ठरवली. असे वडील त्या काळीही दुर्मीळच म्हणायचे.

याच सुमारास मुलगा आपला आपण पियानो शिकला. संगीतकार व्हायचे हे त्याचे तेव्हापासूनचे स्वप्न. १९१६ मध्ये कुटुंब योसेमिटी खोऱ्यात सुट्टीला गेले आणि आई-वडिलांनी त्याच्या हाती कोडॅकचा साधा ‘ब्राउनी’ कॅमेरा दिला. त्यानंतर ॲडम्स दरवर्षी योसेमिटीला जात राहिले. सिएरा क्लब या निसर्गसंवर्धन संस्थेचे ते सदस्य झाले, उन्हाळ्यात तिच्या खोऱ्यातील वास्तूची देखभाल करू लागले. पियानो की कॅमेरा, हा प्रश्न मात्र १९३० पर्यंत सुटला नव्हता. त्या वर्षी न्यू मेक्सिकोत पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराच्या निगेटिव्ह पाहिल्या आणि त्यांचा निर्णय झाला.

एक्स्पोजर म्हणजे काय आणि मीटर का फसतो?

फिल्म असो वा सेन्सर, त्यावर एकूण किती प्रकाश पडला ते म्हणजे एक्स्पोजर. त्याच्या दोन चाव्या आहेत. भिंगामागचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, किती उघडे आहे आणि शटर किती वेळ उघडे राहिले. फिल्मची संवेदनक्षमता, म्हणजे आजचा आयएसओ, ही हिशेबातली तिसरी बाजू. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की ‘एक स्टॉप’चा फरक पडला असे म्हणतात.

प्रकाशमापकाला समोर काय आहे हे कळत नाही. जे दिसेल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचे असावे, असे धरून तो आकडा देतो. म्हणून पांढरी साडी फ्रेमभर असली की फोटोत मळकट दिसते आणि काळी म्हैस राखाडी. मीटरने चूक केलेली नसते. त्याला जे शिकवले तेच त्याने केलेले असते. पांढऱ्याला पांढरे ठेवायचे तर एक-दीड स्टॉप प्रकाश वाढवायचा आणि काळ्याला काळे ठेवायचे तर कमी करायचा, हे माणसाने ठरवावे लागते. कॅमेऱ्यावरची अधिक-उणे चिन्हांची कळ त्यासाठीच असते.

शेवटच्या काचेवर काय घडले?

१० एप्रिल १९२७. पंचविशीतले ॲडम्स, त्यांची भावी पत्नी व्हर्जिनिया बेस्ट आणि काही मित्र बर्फातून चढून योसेमिटीतील ‘हाफ डोम’ या प्रचंड कड्यासमोर पोहोचले. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा. त्या वेळी प्रकाश अनुभवाने ओळखायचा असे. विजेवर चालणारे मीटर १९३०च्या दशकात आले. तिथे पोहोचेपर्यंत दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी नेहमीच्या पिवळ्या फिल्टरने घेतली. घेताक्षणीच ध्यानात आले की एक्स्पोजर बरोबर आहे, पण चित्र बरोबर नाही. कड्याचा दरारा त्यात उतरणार नव्हता, आकाश फिकट करडे येणार होते. शेवटच्या प्लेटेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. तो निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे आकाश जवळजवळ काळे होते. फिल्टरने खाल्लेला प्रकाश भरून काढायला शटर सुमारे पाच सेकंद उघडे ठेवले.

‘मोनोलिथ’ या नावाने ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. ॲडम्स यांच्या आयुष्याला इथे वळण लागले. समोर काय आहे एवढेच मोजून भागत नाही, छापील चित्रात ते कसे दिसावे हे आधी डोळ्यांपुढे आणायचे आणि मग एक्स्पोजर ठरवायचे, हा त्यांचा पुढच्या आयुष्यभराचा क्रम झाला.

झोन सिस्टीम काय आहे?

ठरवलेले चित्र हमखास हाती यायचे तर नुसत्या अंतःप्रेरणेवर चालत नाही. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींसोबत ॲडम्स यांनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. एफ/६४ म्हणजे भिंगाचे अगदी बारीक छिद्र, ज्याने जवळचे आणि दूरचे सारे काटेकोर दिसते. धूसर, चित्रासारख्या दिसणाऱ्या फोटोंविरुद्ध या मंडळींचे ते बंडच होते. १९३७ मध्ये योसेमिटीतील त्यांच्या डार्करूमला आग लागून कित्येक निगेटिव्ह नष्ट झाल्या. तरी काम थांबले नाही.

१९४०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना फ्रेड आर्चर या सहकाऱ्यासोबत त्यांनी झोन सिस्टीम आखली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत ० ते १० अशा पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप. पाचवी पायरी मध्यम करडी, म्हणजे मीटर सांगतो ती. तिसरीवर पोत दिसणारी सावली, सातवीवर पोत दिसणारा उजळ भाग. पियानोवाल्याने सप्तकासारखी पट्टी आखावी यात नवल नाही.

समजा, मीटर झाडाच्या सावलीवर धरला आणि आकडा आला. तो जसाच्या तसा वापरला तर सावली पाचव्या पायरीवर, म्हणजे करडी येईल. ती तिसरीवर हवी असेल तर दोन स्टॉप प्रकाश कमी करायचा. मग उरलेली दृश्ये आपोआप आपापल्या पायऱ्यांवर बसतात. उजळ भाग फार वर गेला असेल तर निगेटिव्ह धुण्याचा वेळ कमी करून तो खाली आणायचा. आकडा मीटरचा, जागा मात्र आपण ठरवायची.

हर्नांडेझच्या रस्त्यावर काय झाले?

१९४१ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने राष्ट्रीय उद्यानांची भव्य भित्तिचित्रे करण्यासाठी ॲडम्स यांची नेमणूक केली होती. त्या भटकंतीत एका संध्याकाळी ते आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्यासह न्यू मेक्सिकोतून सांता फेकडे परतत होते. दिवस वाया गेलेला. अचानक डावीकडे हर्नांडेझ हे छोटे गाव दिसले. मावळत्या सूर्याचा शेवटचा उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर होता आणि पूर्वेला बर्फाळ डोंगरांवर चंद्र आलेला.

गाडी घाईत रस्त्याकडेला थांबली. आरडाओरडा करत तिघांनी सामान उपसले. आठ बाय दहा इंची फिल्मचा अवजड कॅमेरा उभा राहिला, भिंग बसले, फिल्टर लागला. मीटर मात्र सापडेना. क्रुसांवरचे ऊन सरत चालले होते.

ॲडम्स यांना एक आकडा पाठ होता. पूर्ण चंद्राची तेजस्विता सुमारे २५० कॅन्डल प्रति चौरस फूट. त्यांनी चंद्र सातव्या पायरीवर ठेवायचे ठरवले, म्हणजे तो उजळ दिसेल पण डाग राहतील. सातवीपासून पाचवी दोन स्टॉप खाली, म्हणून २५०चा चौथा भाग, साधारण ६०. त्यांच्या फिल्मची संवेदनक्षमता ६४ होती. तिचे वर्गमूळ ८. त्यांच्या सूत्रानुसार एफ/८ या छिद्राला १/६० सेकंद हे उत्तर आले. फिल्टरमुळे तिप्पट, म्हणजे १/२० सेकंद. जवळ-दूर सारे स्पष्ट यावे म्हणून छिद्र एफ/३२ इतके बारीक करायचे, म्हणजे चार स्टॉप, सोळा पट वेळ. गणित आले ०.८ सेकंद. त्यांनी एक सेकंद दिला.

लगेच दुसरी फिल्म घेण्यासाठी होल्डर उलटा केला. तेवढ्यात क्रुसांवरचे ऊन गेले. जगात त्या क्षणाची एकच निगेटिव्ह आहे.

आकड्यांची ही झटपट जुळणी ऐकायला जादू वाटते, पण ती जादू नव्हती. चंद्रावर भर दुपारचे ऊन पडलेले असते. रात्र आपल्याकडे असते, त्याच्याकडे नाही.

मग निगेटिव्ह परिपूर्ण होती का?

नव्हती. चंद्र वाचला, पण गाव आणि झुडपांचा भाग फारच कमी प्रकाशात आला होता. ॲडम्स यांनी फिल्म डेव्हलपर आणि साधे पाणी यांत आलटून-पालटून ठेवून धुतली, जेणेकरून चंद्र आवाक्यात राहील आणि सावल्या थोड्या उचलल्या जातील. तरी प्रिंट काढणे हा त्रासच राहिला. अखेर १९४८ मध्ये निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने गडद करून घेतला. एकुलती एक निगेटिव्ह पुन्हा रसायनात बुडवण्याची ही जोखीम होती. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढग दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये ते काळेभोर होत गेले. निगेटिव्हला ते लिहिलेल्या स्वरलेखनाच्या जागी मानत आणि प्रिंटला मैफलीच्या. या एका निगेटिव्हवरून त्यांनी १३०० हून अधिक प्रिंट काढल्या.

ते केवळ डोंगरांचे छायाचित्रकार होते, ही समजूतही अपुरी आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना मांझानार येथील छावणीत डांबले गेले. १९४३ आणि १९४४ मध्ये ॲडम्स यांनी तेथील माणसांची छायाचित्रे काढली आणि युद्ध सुरू असतानाच त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

मोबाइलमध्ये हे कसे वापरायचे?

फिल्म आणि सेन्सर यांत एक मोठा फरक आहे. निगेटिव्हमध्ये सावली गेली की गेली, उजळ भाग सहसा वाचवता येतो. डिजिटलमध्ये उलटे. सेन्सर काठोकाठ भरला की तिथे पांढऱ्याशिवाय काही उरत नाही. सावली मात्र नंतर बरीच उचलता येते. म्हणून डिजिटलमध्ये आधी उजळ भाग सांभाळायचा.

बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट टेकवले की कॅमेरा त्या जागेचा प्रकाश मोजतो. शेजारी सूर्याचे चिन्ह येते. ते खाली ओढले की चित्र गडद, वर नेले की उजळ. बोट दाबून धरल्यास मोजलेले एक्स्पोजर कुलूपबंद होते. सुट्या कॅमेऱ्यात यालाच ‘स्पॉट मीटरिंग’ म्हणतात, तर ‘मॅट्रिक्स’ पद्धतीत फ्रेमचे अनेक भाग वेगवेगळे मोजून कॅमेरा स्वतः अंदाज बांधतो. निकॉनच्या एफए या कॅमेऱ्यात ती १९८३ मध्ये पहिल्यांदा आली. फोनचा एचडीआर एकामागून एक अनेक फोटो घेऊन जुळवतो आणि ॲडम्स यांनी धुण्याच्या ताटलीत जे साधले त्याच्या जवळपास जातो. सावली किती काळी हवी, हे मात्र तो आपल्याला विचारत नाही.

चंद्रासाठी प्रो मोडमध्ये आयएसओ १०० ठेवावा. फोनचे छिद्र साधारण एफ/१.८ असते, त्याला शटर १/४००० सेकंदाच्या आसपास लागते. रात्रीच्या मानाने हा आकडा वेडेपणाचा वाटतो, पण चंद्रावरचे ऊन आठवावे. हवा धूसर असेल किंवा चंद्र क्षितिजाजवळ असेल तर वेळ दुप्पट-चौपट करावा.

अखेरच्या वर्षांत काय केले?

कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट यांवरची आपली तीन पुस्तके ॲडम्स यांनी म्हातारपणी नव्याने लिहून काढली. शेवटचे १९८३ मध्ये आले. इलेक्ट्रॉनिक प्रतिमेचे युग येणार, याची त्यांना उत्सुकता होती. १९८० मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला आणि २२ एप्रिल १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे वयाच्या ८२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हर्नांडेझच्या चंद्राचे छिद्र, शटर, फिल्टर सारे त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होते. लक्षात राहिली नव्हती ती तारीख. वेगवेगळ्या ठिकाणी त्यांनी १९४० पासून १९४४ पर्यंतची वर्षे दिली होती. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या खगोल नियतकालिकाचे डेनिस डी सिको यांनी १९९१ मध्ये छायाचित्रातील चंद्राच्या जागेवरून हिशेब मांडला. शटर उघडले तो दिवस होता १ नोव्हेंबर १९४१, वेळ दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे.