डॉ. कमला सोहोनी

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. जन्म इंदूरचा. 1933 साली बी.एस्सी. झाल्यावर त्या बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. मला हे वाचून लई राग आला. हुशार असून नाही म्हणायचे म्हणजे काय! पण कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष अटीवर घेतले. त्यांचे काम पाहून रामनसाहेबांचे मत बदलले.

1939 साली त्या विलायतेत केंब्रिजला पीएच.डी. झाल्या. प्रबंध फक्त 40 पानांचा होता.

परत आल्यावर त्यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. गाजर, पपई, लाल भोपळा यांच्यात पिवळा-नारिंगी रंग असतो ना, त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. शेवग्याच्या पाल्यातसुद्धा तो रंग असतो, पण हिरव्याखाली झाकलेला. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो. भाजीला थोडे तेल असले की तो रंग चांगला अंगी लागतो.

पुढे मुंबईत विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर संशोधन केले. नीरा म्हणजे आपली नदी नव्हे बरं का! ताडा-शिंदीच्या झाडाचा गोड रस. ऊन्ह व्हायच्या आत प्यायचा, नाहीतर आंबतो. कमलाबाईंनी त्यातली जीवनसत्त्वे शोधली. अशक्त आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायांना नीरा दिली, तर त्यांची तब्येत सुधारली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

1998 साली दिल्लीत सत्काराच्या वेळीच त्या कोसळल्या आणि लवकरच वारल्या.

– इयत्ता चौथी, कोऱ्हाळे बुद्रुक