उशाखालची पुरचुंडी

गोपाळ गणेश आगरकर गेले १७ जून १८९५ रोजी. वय अवघं ३८. त्यांच्या उशाखाली एक पुरचुंडी सापडली, असं सांगतात. आत थोडे पैसे आणि ते स्वतःच्या प्रेतदहनासाठी असल्याची चिठ्ठी.

शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्यात फक्त गरिबी दिसली. ती होतीच. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेला हा मुलगा हालअपेष्टा काढत एम.ए. झाला आणि मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं त्यानं आईला पत्रानं आधीच कळवून टाकलं. पुढे ‘केसरी’चं संपादकपद, १८८२ मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८८ मध्ये ‘सुधारक’, शेवटी फर्ग्युसनचं प्राचार्यपद. दम्यानं मात्र पाठ सोडली नाही.

बँकेत तीस वर्षं काढल्यावर ती पुरचुंडी मला वेगळी दिसू लागली. वडिलांची ठेव मोडायला आलेले दोन भाऊ आठवतात. ठेव एकट्या वडिलांच्या नावावर आणि ते रुग्णालयात बेशुद्ध. एकाला उपचार चालू ठेवायचे होते, दुसऱ्याला वडिलांना घरी न्यायचं होतं. दोघंही वडिलांच्याच इच्छेचा हवाला देत माझ्या टेबलापुढे भांडले. कागद कुठलाच नव्हता.

आगरकरांना तर पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणीच मारलं होतं. त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अशा माणसाला मरणाचा उच्चार अशुभ कसा वाटावा? आपल्या मागे यशोदाबाईंना निदान त्या दिवशी तरी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढं त्यांनी पाहिलं. तेही चाळिशीच्या आत. आपण सत्तरीतही विषय टाळतो!

बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचारांनी जगवू नये, असं आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये रीतही सोपी केली. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कुणालाही हा कागद करता येतो. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करून घ्यायचा. आपल्या वतीनं कुणी बोलावं, त्यांची नावंही त्यात घालायची. मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं. बँकेतलं नॉमिनेशन त्याहून वेगळं.

मी माझा कागद केला, तेव्हा पत्नी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, नोटरी रविवारी भेटतो का.