खरी श्रीमंती : नाना शंकरशेट

आपल्या दैवज्ञ ज्ञातीस ललामभूत झालेले नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. १८२२ साली वडील निवर्तले आणि अवघ्या १९ व्या वर्षी मोठ्या संपत्तीचा व व्यापाराचा भार त्यांजवर आला. एवढ्या कोवळ्या वयात हाती आलेला पैसा पुष्कळांना बुडवितो. नानांनी तो विद्येकडे वळविला. १८४९ साली, मुलींना शिकविणे लोक पाप मानीत असता, गिरगावातील आपल्या वाड्यात त्यांनी कन्याशाळेस जागा दिली. श्रीमंताचा वाडा परक्यास सहसा बंद असतो. हा मात्र पाटी घेऊन येणाऱ्या मुलींस मोकळा झाला. १८५२ मधील बाँबे असोसिएशनचे ते संस्थापक. मुंबईत आगगाडी आणण्याच्या उद्योगातही ते अग्रभागी होते. ३१ जुलै १८६५ रोजी ते कैलासवासी झाले.

आम्ही आज लग्नकार्यात दागिन्यांची मोजदाद करतो. तरी भरल्या तिजोरीलाही उणेच वाटते. दिल्यावरही ज्यास आपणाजवळ पुष्कळ उरले असे वाटते, तोच श्रीमंत होय, असे आम्हांस नानांच्या चरित्रावरून दिसते. ज्ञातीतील प्रत्येक सधन घराने एकेका गरजू मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.