शिष्यवृत्ती गमावलेला विद्यार्थी : सेनापती बापट

सेनापती बापट म्हटलं की हल्ली पुण्यातला रस्ताच आठवतो. कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांना तरी हा माणूस माहीत हवा.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली एडिंबरोला यंत्रविद्या शिकायला गेले. तिथं ब्रिटिश राज्याविरुद्ध जाहीर बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढं पॅरिसला बॉम्बविद्या, परतल्यावर भूमिगत वास. नंतर पारनेरला आले तेव्हा हा विलायतेला शिकलेला ब्राह्मण झाडू घेऊन गावचे रस्ते साफ करू लागला. त्या काळी गावानं काय म्हटलं असेल!

खरी कसोटी मुळशीत लागली. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं. मावळ्यांना न विचारताच शेतांत खोदाई सुरू झाली. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह उभा राहिला, बायकाही तुरुंगात गेल्या. पण बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. त्यांनी मोबदला घेऊन टाकला आणि लढा आतूनच खचला. बापट तरी हटले नाहीत. १९२४ मध्ये धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, ७ वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालं, गावं बुडाली.

१९५५ मध्ये गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते सीमेपार गेले, तेव्हा वय होतं ७४. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले.